खुलासा व्हावा

धुळ्यातील शस्त्रक्रियेला अकरा दिवस झाले होते. जळगावच्या एका खाजगी रुग्णालयात, तातडीच्या विभागात, मी स्ट्रेचरवर पडून होतो. तरुण डॉक्टरांनी विचारले, "काका, अलीकडे काही ऑपरेशन झाले आहे का?"

मी म्हणालो, "हर्निया."

हे उत्तर खोटे होते. माझे वजन कमी करण्याचे ऑपरेशन झाले होते. जठराचा मोठा भाग कापून काढलेला होता. हे मला, माझ्या पत्नीला आणि धुळ्यात देवपूरला राहणाऱ्या मुलीला ठाऊक होते. घरात चौथ्या कोणाला नव्हते.

त्या एका शब्दामुळे पुढे जे घडले, ते लिहीत आहे. ज्यांचे हे ऑपरेशन झाले आहे किंवा व्हायचे आहे, त्यांनी वाचावे. आजाराचे शास्त्र यात नाही. ते डॉक्टरांना विचारावे.

माझे काम

मी एकतीस वर्षे एका सरकारी रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये नोकरी केली. रुग्ण बरा होऊन घरी जावो वा न जावो, त्याचा केसपेपर आमच्याकडे येई. तो पुरा आहे की नाही हे पाहायचे, अंतिम निदान वाचायचे आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला क्रमांक द्यायचा, हे आमचे काम.

या कामाचा पहिला नियम असा, की कारकुनाने आपल्या मनाने काही जोडायचे नाही. ऑपरेशन झाले, नंतर ताप आला, एवढेच कागदावर असेल तर ती दोन स्वतंत्र वाक्ये आहेत. ताप ऑपरेशनमुळे आला असे डॉक्टरांनी लिहिले, तरच तो ऑपरेशनचा उपद्रव ठरतो आणि त्याला त्याचा क्रमांक मिळतो. नाहीतर तो नुसता ताप.

संशय आला की मी केसपेपरला टाचणीने चिठ्ठी लावून डॉक्टरांकडे परत पाठवीत असे. चिठ्ठीवर दोनच शब्द असत: खुलासा व्हावा. काही डॉक्टर चिडत. एक सर्जन म्हणाले होते, "नाना, तुमची चिठ्ठी दिसली की मला परीक्षेचा निकाल लागल्यासारखे वाटते." मी चिठ्ठी मागे घेतली नव्हती.

माझ्या हाताखाली भिकन नावाचा सहायक नऊ वर्षे होता. त्याला मी काम शिकवले. शाबासकी कधी दिली नाही. मी निवृत्त झाल्यावर तो नोकरी सोडून जळगावच्या याच खाजगी रुग्णालयात रेकॉर्ड विभागाचा प्रमुख झाला.

हर्निया का म्हणालो

माझे वजन एकशे अठरा किलो होते. गुडघे गेले होते. मधुमेह होता. गुडघ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, वजन उतरल्याशिवाय मी सुरी लावणार नाही. तेव्हा धुळ्याच्या सर्जनकडे गेलो. त्यांनी सर्व तपासण्या करून होकार दिला.

लाज वेगळ्या गोष्टीची होती.

माझी सून वैशाली अंगाने जाड आहे. दोन वर्षांपूर्वी घरी वरण-बट्टीचे जेवण होते. चोपड्याहून तिचे आई-वडील आले होते. तिने आणखी एक बट्टी ताटात घेतली. मी सर्वांसमोर म्हणालो, "जिभेला लगाम घातला की वजनासाठी डॉक्टर लागत नाही." तिने बट्टी परत ठेवली. तिचे वडील पाणी प्याले.

तेव्हाही मी एकशे दहाच्या पुढे होतो. माझे वजन मी प्रकृतीचे धरीत होतो, तिचे सवयीचे.

असा माणूस वजनासाठी ऑपरेशन करून घेतो हे त्या घरात कसे सांगणार? मी पत्नीला, सुमनला, बजावले की विचारणाऱ्याला हर्निया सांगायचे. मुलगा प्रशांत यालासुद्धा. सुमन धुळ्याकडच्या खेड्यातली आहे. चाळीस वर्षे नशिराबादला काढूनही ती माहेरचीच बोली बोलते. ती म्हणाली, "मी खोटं बोलत नही. गप राहसू, एवढंच."

तिने शब्द पाळला. माझ्या दुर्दैवाने थोडा जास्तच पाळला.

अकरावा दिवस

घरी आल्यावर पहिले सहा दिवस बरे गेले. वरणाचे गाळलेले पाणी औषधाच्या बाटलीच्या टोपणाने मोजून प्यायचे. एक टोपण, मग थांबायचे, मग दुसरे. वैशाली ते पाणी गाळून देत असे. हर्नियाच्या रोग्याला असे टोपणाने का प्यावे लागते, हे तिने विचारले नाही. मला ते सोयीचे वाटले.

दहाव्या दिवशी संध्याकाळी डावा खांदा दुखू लागला. अकराव्या दिवशी सकाळी अंगात कणकण आली. बसल्या जागी छाती धडधडत होती. धुळ्याच्या डिस्चार्ज कार्डावर इशारे लिहिलेले होते: ताप, धडधड, खांदेदुखी, यातले काहीही झाल्यास ताबडतोब यावे. कार्ड कपाटात सुमनच्या साड्यांखाली ठेवले होते. मी ते काढले, वाचले आणि परत साड्यांखाली ठेवले.

दुपारपर्यंत वाट पाहू, असे मी ठरवले. लोकांचे कागद अपुरे राहिले म्हणून एकतीस वर्षे मी रागावत आलो. स्वतःच्या बाबतीत पूर्ण लिहिलेला कागद हातात असूनही मी वाट पाहिली.

बाराच्या सुमारास हात धुवायला उठलो आणि मोरीजवळ खाली बसलो. प्रशांतने गाडी काढली. धुळे लांब म्हणून जळगाव गाठले.

तातडीच्या विभागात मला ठेवले आणि माझ्या नावाची नोंद होताच भिकन धावत आला.

"नाना! तुमच्या नावाचा कागद माझ्या टेबलावर येईल असे वाटले नव्हते."

"आला तर नीट वाच," मी म्हणालो.

"बघा, ताप आहे तरी नाना तेच आहेत," तो प्रशांतला म्हणाला.

एका बाजूला प्रशांत, दुसऱ्या बाजूला भिकन, पायथ्याशी सुमन. त्याच क्षणी डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला आणि मी ते उत्तर दिले. सुमनने माझ्याकडे पाहिले. मी तिच्याकडे पाहिले नाही.

डॉक्टरांनी पोटावरच्या जखमा पाहिल्या. दुर्बिणीच्या ऑपरेशनची पाच लहान छिद्रे होती.

"काका, हर्नियासाठी छिद्रे बरीच वर पाडली आहेत."

"मला विचारून पाडली नाहीत."

भिकन हसला. डॉक्टर ओशाळले. वय तिशीच्या आतले असावे. "डिस्चार्ज कार्ड आणले आहे का?" त्यांनी विचारले.

"धुळ्याला राहिले."

त्यांनी लिहिले. समोरच्या माणसाच्या हातातला कागद उलट्या बाजूने वाचण्याची मला सवय आहे. पहिल्या पानावर, पूर्वेतिहासाच्या जागी, तो शब्द उमटताना मी पाहिला.

नळी

पुढचा दिवस चुकीच्या वाटेने गेला. डॉक्टरांचा त्यात दोष नाही. त्यांना जो रोगी सांगितला गेला, त्याच्यावर ते उपचार करीत होते. सलाईन, इंजेक्शने, फोटो. हर्नियाच्या ऑपरेशननंतर आतडे अडकले असावे, असा त्यांचा अंदाज झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी पोट फुगून घट्ट झाले आणि उलट्या सुरू झाल्या. पोट रिकामे करण्यासाठी नाकातून नळी घालण्याचे ठरले.

सिस्टर ट्रे घेऊन आल्या. प्रशांत खाली मेडिकलमध्ये औषधे आणायला गेला होता. खोलीत सुमन होती.

"हाई नळी कोठे जाई, ताई?" तिने विचारले.

"पोटात जाते, मावशी. नाकातून. काकांना लगेच मोकळे वाटेल."

"पोटमा?"

"हो, पोटात. तुम्ही जरा बाजूला व्हा."

सुमनने माझ्याकडे पाहिले. मला बोलता येत नव्हते असे नाही. मी मानेने 'नाही' अशी खूण केली. बोलू नकोस, असा त्या खुणेचा अर्थ होता. मरणाची शक्यता आणि सुनेसमोर खाली पाहणे, यांत मी त्या घटकेला काय निवडले, ते या खुणेवरून कळेल. त्यावर मी काही म्हणू इच्छित नाही.

सिस्टरनी नळीला जेली लावली. सुमन उठली आणि माझ्या व त्यांच्या मधे उभी राहिली.

"थांबा. नळी नका टाका."

"मावशी, डॉक्टरांनीच सांगितले आहे."

"डॉक्टरले बलावा. त्यासले बी खोटंच सांगेल शे. हर्निया नही शे. यासनं पोट कापेल शे, वजनसाठे. बठ्ठं खोटं सांगेल शे."

प्रशांत औषधांची पिशवी घेऊन दारात उभा होता. त्याने सर्व ऐकले होते.

डॉक्टर दोन मिनिटांत आले. त्यांनी मला फक्त एवढेच विचारले, "काका, खरे काय आहे?"

"ती म्हणते ते."

ते खुर्चीवर बसले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरे वाटले असते. म्हणाले, "शिवलेली जागा आतून गळत असणार. या नळीचे टोक तिथे लागले असते तर..." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. मग उठून धुळ्याच्या सर्जनना फोन लावला. प्रशांत घरी जाऊन साड्यांखालचे कार्ड घेऊन आला.

तासाभरात वेगळी तपासणी झाली. टाक्याच्या वरच्या टोकाला गळती होती. तेथून पोटात पू साठला होता. संध्याकाळपर्यंत माझ्या डाव्या कुशीत पू निघण्यासाठी नळी बसवून बाहेर पिशवी लावली गेली. पाच छिद्रांत सहावे वाढले.

सव्वीस दिवस

सव्वीस दिवस राहिलो. त्यातले एकोणीस दिवस तोंडाने थेंबही नाही.

रुग्णालयाचा दिवस लवकर सुरू होतो आणि संपत नाही. सकाळी सहाला ताप मोजणे. मग फिनेलच्या पाण्याने फरशी. मग पिशवीत किती आले त्याची मोजणी, त्याचा रंग, त्याची नोंद. मग दाराबाहेरून चहाची गाडी जात असे. तिचे एक चाक वाजत असे. तो आवाज माझ्यासाठी नव्हता, तरी त्याची वाट पाहत असे.

दुपारी मोठे डॉक्टर येत. "काका, आज कसे?" मी म्हणे, "कालच्यासारखे." खरोखर तसेच असे. पुवातले जंतू कोणते, हे कळायला काही दिवस गेले. कळल्यावर इंजेक्शने बदलली. तोवर ताप रोज ठरल्या वेळी चढे.

भीती वाटली का? वाटली. रोग्यांना इंजेक्शनांची नावे कळत नाहीत. मला माझ्या केसपेपरची जाडी कळत होती. आठव्या दिवशी सिस्टरनी तो दोन हातांनी उचलला. माझ्या नोकरीत दोन हातांनी उचलावे लागणारे जे केसपेपर येत, त्यांतले फार थोडे घरी गेलेल्या माणसांचे असत.

प्रशांत पहिले चार दिवस माझ्याशी कामापुरते बोलला. पाचव्या दिवशी औषधांची यादी हातात धरून म्हणाला, "नाना, मी दोन आठवडे लोकांना हर्निया, हर्निया सांगत फिरलो. तातडीत त्या डॉक्टरांनासुद्धा मीच दुजोरा दिला. तुम्हाला काही झाले असते तर ते माझ्या शब्दाने झाले असते."

"माझ्या शब्दाने," मी म्हणालो.

"ते मला कोण सांगायला उरले असते?"

तो खाली मेडिकलमध्ये गेला.

सुमन दर तासाला ओला कापूस ओठांवरून फिरवीत असे. ती मला काही बोलली नाही. पाय चेपता चेपता एकदा म्हणाली, "मी गप राहिनू म्हनून आपला एक दिवस गया." ती स्वतःला दोष देत होती. तिला गप बसायला कोणी सांगितले होते, याचा तिने उल्लेखही केला नाही.

विसाव्या दिवशी एक चमचा पाणी मिळाले. सिस्टरनी घड्याळ लावून सांगितले, अर्ध्या तासाने दुसरा चमचा. मी अर्धा तास घड्याळाकडे पाहत होतो. तेवढ्या पाण्याला चव असते. हे मला चौसष्टाव्या वर्षी कळले.

चिठ्ठी

घरी सोडण्याचा दिवस ठरला. डिस्चार्ज कार्ड तयार होऊ लागले. तरुण डॉक्टर सही करायला आले तेव्हा मी त्यांना थांबवले.

"एक विनंती आहे. कार्डावर फक्त 'पोटातील संसर्ग' लिहावे."

ते घुटमळले. "काका, ऑपरेशनचा उल्लेख लागेल."

"संसर्ग होता, हे खरे आहे ना?"

"खरे आहे, पण..."

"मग खरे तेच लिहा. पाहुणे येतात, कार्ड मागतात, वाचतात. घरच्यांना कळले, तेवढे पुरे आहे."

वयाचा मान म्हणा, दमलेला दिवस म्हणा, त्यांनी तसे लिहिले. मी समाधान मानले. घरी चौघांना कळले होते. सुनेला प्रशांतने सांगितले की नाही, हे मी विचारले नव्हते. बाहेर पोटातील संसर्ग सांगता आला असता. त्यात खोटे काही नव्हते.

दुपारी भिकन आला. दारातच उभा राहिला.

"नाना, बसू का?"

"बस."

त्याच्या हातात माझा केसपेपर होता. वरच्या पानाला टाचणीने चिठ्ठी लावलेली होती. अक्षर त्याचे, शब्द माझे: खुलासा व्हावा.

"पहिल्या पानावर हर्निया," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवसापासून जठराच्या ऑपरेशनची गळती. आणि कार्डावर नुसता पोटातील संसर्ग. एका केसपेपरात तीन माणसे आहेत, नाना. मी कोणाला क्रमांक देऊ?"

"डॉक्टरांना विचार. नियम तोच आहे."

"विचारले. ते म्हणाले, तुमच्या नानांची विनंती होती."

मी चिठ्ठीकडे पाहिले.

"तुम्ही म्हणाल तर नुसत्या संसर्गाचा क्रमांक टाकतो," भिकन म्हणाला. "ऑपरेशनशी जोडत नाही. कोणी विचारणार नाही. इथे चिठ्ठ्या लावणारा मीच आहे."

"मग लावलीस कशाला?"

त्याने केसपेपर मांडीवर ठेवला. "त्या बाळंतिणीचा कागद आठवतो तुम्हाला? सिझेरियननंतर ताप. डॉक्टरांनी नुसता ताप लिहिला होता. तुम्ही मला चिठ्ठी घेऊन सात वेळा वर पाठवले. सातव्या वेळी मी जिन्यात बसून रडलो."

"आठवते."

"तेव्हा तुम्ही काय म्हणालात? ती बाई पुन्हा कुठल्या तरी दवाखान्यात जाईल तेव्हा तिच्यासोबत आपण नसू, हा कागद असेल." त्याने खिडकीकडे पाहिले. "तुम्ही जाल तेव्हा दर वेळी मावशी सोबत असतील का, नाना?"

सुमन खिडकीशी टॉवेलाच्या घड्या घालत होती. तिने वर पाहिले नाही. पण घड्या घालायची थांबली.

पुन्हा कधी रस्त्यात पडलो, कोणी अनोळखी माणसाने उचलून दवाखान्यात नेले, खिशात हे कार्ड सापडले, तर तिथले डॉक्टर काय वाचतील? पोटातील संसर्ग. मग पोट फुगले म्हणून ते काय करतील? नळीला जेली लावतील. तेव्हा मधे उभे राहायला कोणी नसेल.

मी म्हणालो, "डॉक्टरांना बोलाव."

दुरुस्ती

केसपेपरवर रोग्याने लिहायचे नसते. म्हणून मी सांगितले आणि डॉक्टरांनी लिहिले. कोणत्या दिवशी ऑपरेशन झाले, कोणते झाले, मी काय लपवले आणि कधी उघड झाले. प्रशांत तिथे होता, सुमन होती, भिकन होता. नोकरीत कोणाला बोलायला लावताना मला जेवढा वेळ लागे, त्याहून माझे बोलणे लवकर संपले.

चुकीचे लिहिलेले खाडाखोड करून नाहीसे करायचे नसते. त्यावर एक आडवी रेघ मारायची, मूळ शब्द वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर शब्द, तारीख आणि सही. डॉक्टरांनी तसे केले. माझ्या केसपेपरच्या पहिल्या पानावर 'हर्निया' हा शब्द आजही वाचता येतो. तो तिथे असणे योग्य आहे.

कार्ड नव्याने झाले. वजन कमी करण्यासाठी जठराची शस्त्रक्रिया, त्या शस्त्रक्रियेमुळे टाक्यातून गळती व पोटात संसर्ग, अमुक जंतू. खाली ठळक अक्षरांत: नाकातून नळी घालण्यापूर्वी सर्जनशी बोलावे.

भिकनने खाली जाऊन क्रमांक टाकले आणि कागद मला दाखवायला पुन्हा वर आला. तशी गरज नव्हती. त्या ऑपरेशननंतरच्या संसर्गाचा एक, पोटातल्या पुवाचा एक, जंतूचा एक. मी क्रमांकांचे पुस्तक न उघडता ते तपासले.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

नऊ वर्षांत हे शब्द मी त्याला कधी म्हटले नव्हते. तो कागद नीट करून घेऊन गेला.

घरी

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी वैशालीने वरणाचे पाणी आणून ठेवले. शेजारी ते टोपण. मी कार्ड तिच्या पुढे केले.

तिने वाचले. परत दिले.

"मला माहीत होते, नाना."

"प्रशांतने सांगितले?"

"त्याच्या आधीपासून. माझ्या काकांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते. ते तिसऱ्या दिवशी भाकरी मागत होते. टोपणाने पाणी पीत नव्हते."

"मग विचारले का नाहीस?"

"तुम्हाला?" ती म्हणाली. तेवढेच.

मी म्हणालो, "त्या दिवशी तुझ्या वडिलांसमोर मी जे बोललो, ते बोलायला नको होते."

ती टोपण भरत म्हणाली, "नाना, हेही कार्डावर लिहून आणले असतेत तर बरे झाले असते. माहेरी दाखवले असते."

सुमन हसली. सदतीस दिवसांत प्रथमच हसली असावी. मी पुढच्या आठवड्यात वैशालीच्या वडिलांना फोन केला. काय बोललो ते इथे लिहिण्याचे कारण नाही.

वाचणाऱ्यांसाठी

वजनाच्या ऑपरेशनचा मी विरोधक नाही. माझे वजन आता पंचाण्णव आहे, साखर आटोक्यात आहे. गळती कोणालाही होऊ शकते. ती झाली यात माझा दोष नव्हता. ऑपरेशन लपवले, तो दोष माझा. कार्डावर लिहिलेला इशारा दिसला की त्याच घटकेला निघा. काय ऑपरेशन झाले ते घरातल्या प्रत्येकाला माहीत असू द्या, ज्याला सांगायची लाज वाटते त्याला आधी. डॉक्टर लिहीत असतील तेव्हा काय लिहितात ते पाहा. संसर्ग कशामुळे झाला, हे कार्डावर नसेल तर विचारा. ते चिडले तरी विचारा.

थकवा अजून गेलेला नाही. जिना चढताना मधे थांबतो. दुपारी झोप लागते, ती संध्याकाळपर्यंत उतरत नाही. लोक विचारतात, आता अगदी बरे ना? मी म्हणतो, कालच्यासारखे.

परवा धुळ्याला तपासणीसाठी निघालो. सुमनने पाकिटातून एक घडी केलेला कागद काढला. पाकीट ती हातात असतानाही पदराखाली धरते. म्हणाली, "हाई मी लिखेल शे. तुम्ही तपासी ल्या."

ती सातवीपर्यंत शिकली आहे. वहीच्या पानावर, मोठ्या अक्षरांत, एका ओळीखाली एक ओळ लिहिली होती. माझे नाव. वय. नशिराबाद. वजनासाठी पोटाचे ऑपरेशन झालेले आहे. त्यामुळे आत पू झाला होता. नाकातून नळी घालू नये, आधी धुळ्याच्या डॉक्टरांना विचारावे. हा माणूस विचारल्यावर खरे सांगेलच असे नाही, म्हणून मी लिहिले आहे. खाली तिची सही.

मी दोनदा वाचला. सवयीने हात खिशातल्या पेनाकडे गेला होता.

कागदाची घडी घालून मी तिच्या पाकिटात ठेवली. खुलासा मागावा असे त्यात काही नव्हते.